चाळीस पत्रिका, दोन उत्तरं: पुण्यातल्या फलज्योतिष चाचणीचा प्रकरण अभ्यास

फलज्योतिषावरचा वाद आपल्याकडे संपत नाही, कारण त्यात दोन्ही बाजू ज्याला पुरावा म्हणतात तो बहुधा पुरावाच नसतो. एकाला गुरुजींनी सांगितलेलं आणि तंतोतंत खरं ठरलेलं भाकीत आठवतं. दुसऱ्याला छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळूनही दोन वर्षांत मोडलेलं लग्न आठवतं. दोघंही खोटं बोलत नाहीत, पण आठवणीत राहिलेल्या उदाहरणांची बेरीज-वजाबाकी करून कुठलाच निकाल लागत नाही. न आठवलेली उदाहरणं किती होती, हे कुणालाच ठाऊक नसतं.

१२ मे २००८ रोजी पुण्यात पत्रकार परिषद घेऊन एका चाचणीची घोषणा झाली. तिच्यामागे चौघे होते. खगोलशास्त्रज्ञ आणि 'आयुका' या पुण्यातल्या खगोलविज्ञान संस्थेचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि पूर्वी स्वतः पत्रिका पाहणारे व पुढे फलज्योतिषाचे टीकाकार झालेले प्रकाश घाटपांडे. या चौघांत मानसशास्त्रज्ञ एकही नाही. तरीही संशोधन पद्धती शिकवताना मला हे प्रकरण परदेशी पाठ्यपुस्तकांतल्या कुठल्याही उदाहरणापेक्षा जास्त उपयोगी पडतं. 'माणूस आपल्याला येतं म्हणतो ते त्याला खरंच येतं का' हा प्रश्न पुरता मानसशास्त्राचा आहे, आणि तो विचारताना जिथे जिथे पाय घसरतो त्या जवळजवळ सगळ्या जागा इथे एकाच प्रकरणात सापडतात.

प्रश्न कसा निवडला

'ज्योतिष खरं की खोटं' या प्रश्नाची चाचणी घेता येत नाही. 'पत्रिकेवरून माणसाचा स्वभाव कळतो' याची घेता येईल असं वाटतं, पण तिथे वेगळाच खड्डा आहे. १९४८ साली बर्ट्राम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक व्यक्तिमत्त्व-वर्णन दिलं आणि 'हे तुला किती लागू पडतं' ते पाचपैकी गुण देऊन सांगायला लावलं. सरासरी आली ४.२६. वर्णन सगळ्यांना एकच दिलेलं होतं, आणि त्यातली बरीच वाक्यं फोररने स्टॉलवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. 'तुम्ही बाहेरून कणखर दिसता पण आतून हळवे आहात' हे कुणाला पटणार नाही? जातकाला, म्हणजे ज्याची पत्रिका आहे त्याला, पटणं हा निकष धरला की प्रत्येक ज्योतिषी उत्तीर्ण होतो, आणि ज्योतिष न येणाराही होतो.

म्हणून निकष असा हवा, की जो जातकाच्या पसंतीवर अवलंबून नाही, ज्योतिषाच्या शब्दांच्या लवचिकपणावर नाही आणि प्रयोग करणाऱ्याच्या मर्जीवरही नाही. पुण्याच्या गटाने बुद्धी निवडली. शाळांमधून शिक्षकांनी हुशार म्हणून सांगितलेली १०० मुलं आणि विशेष शाळांमधली, बौद्धिक अक्षमता असलेली १०० मुलं. पत्रिका पाहून एवढंच सांगायचं, की जातक या गटातला की त्या. पारंपरिक ज्योतिषात पंचमस्थान आणि बुध यांवरून बुद्धी-विद्या पाहतात, तेव्हा 'हे आमच्या शास्त्रात बसत नाही' असं म्हणायला फारशी जागा नव्हती.

दोन टोकांचे गट घेण्याच्या या पद्धतीवर विद्यार्थी नेहमी हरकत घेतात. बहुतेक माणसं मधली असतात, ती कुठे गेली? हरकत रास्त आहे. टोकाच्या गटांवरून मधल्या माणसांबद्दल अनुमान काढता येत नाही. पण इथे दावा करणाऱ्याच्या बाजूने विचार करायला हवा. पत्रिकेत आयुष्याची दिशा दिसत असेल तर ती सगळ्यात ठळक या दोन टोकांत दिसायला हवी. म्हणजे ही मांडणी ज्योतिषांना झुकतं माप देणारी आहे. प्रयोगाची रचना करताना मी विद्यार्थ्यांना हेच सांगतो, की ज्या दाव्यावर तुमचा विश्वास नाही त्याला सगळ्यात सोपा पेपर काढा.

लिफाफ्याच्या आत आणि बाहेर

समितीच्या कार्यकर्त्यांनी शाळांमध्ये जाऊन माहिती गोळा केली. जन्मतारीख, वेळ आणि ठिकाण पालकांकडून घेतलं. व्यावसायिक ज्योतिषीही वेळ आई-वडिलांनाच विचारतात, त्यामुळे यात वावगं काही झालं नाही. पत्रिका घाटपांडे यांनी बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या सॉफ्टवेअरवर काढल्या. मग प्रत्येक पत्रिकेला सांकेतिक क्रमांक देऊन सगळं कुंटे यांच्याकडे विद्यापीठात सुरक्षित ठेवलं. कुठला क्रमांक कुठल्या गटातला, हे ज्योतिषांना माहीत नव्हतं, आणि निकाल लागेपर्यंत प्रयोग करणाऱ्यांनाही कळण्याची सोय ठेवली नव्हती. यालाच दुहेरी अंध पद्धत म्हणतात.

एवढा सोवळेपणा कशाला, असं वाटत असेल तर बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्याची गोष्ट आठवावी. विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त गणित शिक्षकाचा हा घोडा १९०४ च्या सुमारास खूर आपटून बेरजा करायचा. मालक लबाड नव्हता. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्टने एकच बदल केला. कधी प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत ठेवलं, कधी ठेवलं नाही. पाटीवरचे आकडे ओळखताना, विचारणाऱ्याला उत्तर माहीत असेल तेव्हा घोडा ९८ टक्के वेळा बरोबर यायचा आणि माहीत नसेल तेव्हा ८ टक्के. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि घोडा थांबायचा. जिथे घोडा माणसाच्या मानेवरून उत्तर काढतो, तिथे माणसासमोर बसलेला माणूस किती काढत असेल! पुण्यात ज्योतिषी आणि जातक समोरासमोर आलेच नाहीत. सगळा व्यवहार टपालाने झाला.

टपाल आलं म्हणून सगळ्या फटी बुजल्या असं मात्र नाही. एक फट खास पत्रिकेतच असते आणि ती संख्याशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो. साडेसातीचा हिशोब आपण त्यावरूनच करतो. गुरू एका राशीत वर्षभर असतो. म्हणजे शनी आणि गुरू कुठे आहेत एवढं पाहिलं की पत्रिकेवरून जन्माचं वर्ष काढता येतं. आता समजा, विशेष शाळांमधली मुलं सरासरीने दोन-तीन वर्षं मोठी असती, तर? ज्योतिषाचा गंधही नसलेला माणूस 'शनी अमुक राशीत असेल तर हा गट, तमुक राशीत असेल तर तो' असा ठोकताळा बांधून पन्नास टक्क्यांच्या वर गेला असता. म्हणून अशा चाचणीत दोन गटांच्या वयांची वाटणी तपासणं अटळ आहे, आणि अहवालात वयांचं कोष्टक छापलेलं आहे ते शोभेसाठी नव्हे. वाचक ते ओलांडून निकालाकडे जातात. प्रकरण तपासायला बसलेल्याने तिथे थांबावं.

जन्मवेळेच्या चुकीचं काय? लग्नराशी, म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास, दोनेक तासांनी बदलते. पालकांची आठवण पंधरा मिनिटांनी चुकली तर ढोबळमानाने आठातल्या एका पत्रिकेची लग्नराशी बदलेल. हा गोंधळ दोन्ही गटांत सारखाच असेल तर तो खऱ्या कौशल्याचं माप थोडं कमी दाखवेल, पण मुळात असलेलं कौशल्य शून्यावर आणणार नाही. शिवाय रोजच्या व्यवसायात ज्योतिषी याच दर्जाच्या जन्मवेळेवर सल्ला देतात.

उत्तीर्ण व्हायचे गुण आधी ठरले

प्रत्येक ज्योतिषाला दोनशेमधल्या चाळीस पत्रिका यादृच्छिक पद्धतीने काढून पाठवायच्या, आणि चाळीसपैकी २८ बरोबर आल्या तर यश मानायचं, असं ठरलं. संस्थांना सगळ्या दोनशे पत्रिका देऊ केल्या. मला या प्रयोगातली सगळ्यात मोलाची गोष्ट शेवटचा निकाल वाटत नाही, हा २८ चा आकडा वाटतो. तो उत्तरं येण्यापूर्वी जाहीर झाला होता. नंतर 'आम्ही तर ३० म्हणत होतो' किंवा 'आमच्यात २३ सुद्धा खूप झाले' असं म्हणण्याची वाट दोन्ही बाजूंना बंद झाली.

२८ च का? नाणं चाळीस वेळा उडवलं तर सरासरी २० छापे येतात, आणि २८ किंवा जास्त येण्याची शक्यता सुमारे ०.८३ टक्के, म्हणजे शंभरात एकाहूनही कमी. एका माणसासाठी हा उंबरठा पुरेसा कडक आहे. पण परीक्षेला २७ जण बसले की हिशोब बदलतो. सत्तावीस जणांनी नुसती नाणी उडवली असती, तरी त्यांच्यातला निदान एक जण २८ ला पोचण्याची शक्यता सुमारे २० टक्के निघते. पाचात एक! तसं झालं असतं तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात काय छापून आलं असतं, याची कल्पना करा. अशा चाचणीत 'एखादा उत्तीर्ण झालाच तर त्याची नव्या पत्रिकांवर पुन्हा परीक्षा' हे कलम आधीच लिहून ठेवायला हवं. ते लिहिताना प्रयोगकर्ता स्वतःला साशंक समजत असतो, पण त्या कलमाने खऱ्या कसबी माणसाचंही रक्षण होतं.

किती आले, किती उरले

आमंत्रण मराठी वर्तमानपत्रांतून गेलं आणि सुरुवातीला दीडशेच्या आसपास ज्योतिषांनी उत्सुकता दाखवली. स्वतःची माहिती आणि तिकीट लावलेला लिफाफा पाठवायचा होता. तो ५१ जणांनी पाठवला. चाळीस पत्रिका पाहून उत्तरं परत केली २७ जणांनी.

ही गळती कच्चा दुवा आहे. गळालेले २४ जण कोण होते? पत्रिका पाहून ज्यांना 'हे आपल्याला जमणार नाही' असं कळलं ते, की ज्यांना असल्या चाचणीची गरजच वाटली नाही असे नावाजलेले? दोन्ही शक्यता खुल्या राहतात. त्यामुळे या २७ जणांवरून महाराष्ट्रातल्या समस्त ज्योतिषांबद्दल बोलणं नियमात बसत नाही. जे स्वेच्छेने आले, नियम मान्य करून बसले, त्यांच्याबद्दल बोलता येतं. मानसशास्त्राच्या बहुतेक प्रयोगांची हीच गत असते. तिथे मात्र आपण ती विसरतो, कारण विद्यार्थी-स्वयंसेवकांची बाजू घेऊन भांडायला कुणी येत नाही.

निकाल, आणि त्यातला एक आकडा जवळून

२७ पैकी कुणीही २८ ला पोचलं नाही. सर्वाधिक गुण एकाचे, २४. त्याखालोखाल दोघांचे २२. उरलेले सगळे २० किंवा त्याखाली. गटाची सरासरी निम्म्याहूनही थोडी खालीच. नाणी उडवणाऱ्या २७ जणांतला सर्वांत नशीबवान सहसा २५-२६ पर्यंत जातो, हे ध्यानात घेतलं तर २४ मध्ये नवल काहीच नाही.

पण हा २४ चा आकडा उकलून पाहण्यासारखा आहे. या ज्योतिषाने चाळीसपैकी ३७ पत्रिका हुशार मुलांच्या ठरवल्या आणि ३ बाबत 'सांगता येत नाही' म्हटलं. बौद्धिक अक्षमता असलेलं मूल त्याला एकाही पत्रिकेत दिसलं नाही! ३७ पैकी २४ बरोबर, याचा अर्थ त्याच्या गठ्ठ्यात हुशार मुलांच्या पत्रिकाच निम्म्यापेक्षा जास्त होत्या. पत्रिका यादृच्छिक काढल्यामुळे प्रत्येकाला २०-२० आल्याच असतील असं नाही. असा गठ्ठा हातात आल्यावर डोळे मिटून सगळीकडे 'हुशार' लिहिणाऱ्यालाही २४ च्या खाली जाता आलं नसतं. सत्तावीस जणांतले सर्वोच्च गुण मिळाले, आणि दोन गट वेगळे ओळखण्याची खूण त्यात कुठेच नाही.

मानसशास्त्रात संकेत शोधन सिद्धांत आहे तो नेमका याच घोळासाठी. एखाद्याची ओळखण्याची क्षमता ही एक गोष्ट, आणि एखाद्या उत्तराकडे झुकण्याची सवय ही दुसरी. 'एकूण बरोबर' या एका आकड्यात दोन्ही एकत्र कालवलेल्या असतात. त्या वेगळ्या करायच्या तर दोन आकडे लागतात. खरोखर हुशार मुलांपैकी कितींना हुशार म्हटलं, आणि हुशार नसलेल्यांपैकी कितींना हुशार म्हटलं. दोन्ही प्रमाणं सारखी असली की ओळख शून्य, मग एकूण गुण कितीही दिसोत. या ज्योतिषाचा कल समजण्यासारखाही आहे. मुलाची पत्रिका समोर आली की 'मूल मंद आहे' असं सांगण्याची सवय कुठल्या व्यावसायिकाला असेल? रोज समोर बसलेल्या आई-बापांना धीर देणं हेही त्याच्या कामात येतं.

आता याच्या शेजारी संस्थेचा निकाल ठेवा. एका संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका तपासून दिल्या. १०२ बरोबर. हुशार गटातले ५१ आणि दुसऱ्या गटातलेही ५१. म्हणजे हुशार मुलांपैकी ५१ टक्क्यांना त्यांनी हुशार म्हटलं आणि दुसऱ्या गटातल्या ४९ टक्क्यांनाही हुशार म्हटलं. इथे कुठलाही कल नाही, दोन्हीकडे समतोल हात आहे, आणि ओळख जवळपास शून्य. वर्गात हे दोन निकाल फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिले की वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

हा निकाल काय सांगत नाही

'ज्योतिष खोटं ठरलं' असं म्हणण्याची घाई अनेकांनी केली. या मांडणीतून तेवढं निघत नाही. 'आमच्यावर अन्याय झाला' असं म्हणणाऱ्यांसाठीही एक हिशोब आहे, आणि तो काही अंशी त्यांच्या बाजूचा आहे.

समजा, एखाद्या ज्योतिषाला खरोखरच ६० टक्के कौशल्य आहे. चाळीस पत्रिकांवर तो सरासरी २४ आणेल. त्याला २८ गाठण्याची संधी किती? सुमारे १३ टक्के. म्हणजे खरं कौशल्य असलेला माणूसही आठपैकी सात वेळा नापास. एकेका माणसाची परीक्षा म्हणून चाळीस पत्रिका कमी पडतात, हे कबूल करायला हवं. आमच्या भाषेत चाचणीची पॉवर, म्हणजे खरं कौशल्य असेल तर ते पकडण्याची ताकद, अपुरी आहे. पण सगळ्या सत्तावीस जणांना एकत्र घेतलं तर चित्र पालटतं. सगळ्यांकडे ६० टक्के कौशल्य असतं तर त्यांच्यातले तीन-चार जण २८ पार करून गेले असते. एकही न जाण्याची शक्यता अडीच टक्क्यांच्या आत आहे. (तेच तेच दोनशे जातक फिरून अनेकांकडे गेले असल्याने ही उत्तरं एकमेकांपासून पुरती स्वतंत्र नाहीत, म्हणून हा आकडा ढोबळच धरावा.) आणि संस्थेकडे ६० टक्के असते तर १२० च्या आसपास गुण यायला हवे होते. १०२ किंवा कमी येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही खाली. तेव्हा ६० टक्क्यांचा दावा निदान त्या संस्थेपुरता टिकत नाही. ५५ टक्क्यांचा मात्र या चाचणीने खोडला जात नाही. दोनशेतले १०२ हे ५५ टक्के कौशल्यातूनही सहज येऊ शकतात. आता, शंभरात पंचावन्न वेळा बरोबर येणाऱ्या सल्ल्यावर कुणी मुलीचं लग्न मोडावं का, हा प्रश्न संख्याशास्त्राचा नाही. माझं उत्तर 'नाही' असं आहे.

दुसरी मर्यादा निकषाची. 'शिक्षकांनी हुशार म्हटलं' म्हणजे काय? शिक्षकांच्या 'हुशार'मध्ये मार्क, शिस्त, घरची परिस्थिती, सगळं मिसळलेलं असतं. दुसरा गट विशेष शाळेचा असल्याने इथे त्याने फारसं बिघडत नाही. मात्र हीच पद्धत उद्या कुणी 'हुशार विरुद्ध सामान्य' अशी वापरली तर शिक्षकांचा पूर्वग्रहच मोजला जाईल.

परदेशातही असं काम झालं आहे. अमेरिकेत शॉन कार्लसनने १९८५ साली 'नेचर'मध्ये छापलेल्या दुहेरी अंध चाचणीत २८ ज्योतिषांना एक पत्रिका आणि तीन व्यक्तिमत्त्व-चाचण्यांचे आलेख देऊन पत्रिकेशी जुळणारा आलेख निवडायला सांगितला. निदान निम्म्या वेळा बरोबर येऊ असा ज्योतिषांचा अंदाज होता. निकाल एक-तृतीयांशाजवळ राहिला, म्हणजे नुसत्या अंदाजाने यावा तेवढाच. मांडणी म्हणून मला पुण्याची चाचणी त्याहून स्वच्छ वाटते, कारण कार्लसनच्या निकषात व्यक्तिमत्त्व-चाचणीच्या स्वतःच्या त्रुटीही येऊन बसतात.

पुन्हा करायची झाली तर

मी दोन बदल करेन. पत्रिका सुट्या न देता जोडीने द्यायच्या. एकाच महिन्यात जन्मलेली दोन मुलं, एक या गटातलं आणि एक त्या. यातलं हुशार कोणतं, एवढंच सांगायचं. 'सांगता येत नाही' हा पर्याय नाही. जोडीत एक हुशार असणारच, म्हणून सरसकट 'हुशार' म्हणत सुटण्याचा कल आपोआप निकामी होतो, आणि शनी-गुरूची स्थिती दोन्ही पत्रिकांत जवळपास सारखी असल्याने वयाची फटही बुजते.

दुसरा बदल संख्येचा. ६० टक्के कौशल्य असलेला माणूस पाचपैकी चार वेळा उत्तीर्ण व्हावा आणि नाणं उडवणारा शंभरात एकदाच, असं हवं असेल तर साधारण अडीचशे जोड्या लागतात. म्हणजे पाचशे पत्रिका. टपालाने आलेल्या चाळीस पत्रिका पाहतानाच ५१ पैकी २४ जण गळाले, तेव्हा पाचशे पत्रिका एकट्याने पाहायला कुणी बसणार नाही. त्या एखाद्या ज्योतिष संस्थेनेच आपल्या सभासदांत वाटून घ्याव्या लागतील. मग उत्तर संस्थेचं धरायचं की सभासदाचं, आणि एकाच जोडीवर दोन सभासदांचं मत वेगळं पडलं तर काय करायचं, हे पहिला लिफाफा टपालात पडण्याआधी लिहून सही करून ठेवावं लागेल.